बँड माझ्या पोटाला आहे, आवर तुमच्या जिभेला घाला

मंडळी, पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. गणपती तोंडावर आलेत. मग नवरात्र, कोजागिरी, दिवाळी. म्हणजे पुढचे दोन-तीन महिने दर शनिवार-रविवारी आपण कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवायला असणार. म्हणून आत्ताच लिहून टाकते, नंतर प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसायला नको.

माझ्या पोटात गॅस्ट्रिक बँड आहे. २०१२ साली इथेच, न्यू जर्सीत बसवून घेतला. तेव्हा माझा बीएमआय ३९ होता, डायबेटिस होता आणि घरात सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं होती. ही गोष्ट मी कधी लपवली नाही, पण सांगत फिरलेही नाही. आता जाहीर लिहितेय, कारण गेल्या काही वर्षांत आपल्यातल्याच पाच-सहा जणींनी मला इनबॉक्समध्ये गुपचूप विचारलंय. आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच: "ताई, तू घरच्यांना काय सांगितलंस?" दुखतं का, खर्च किती, वजन किती उतरतं, हे सगळं त्याच्या नंतर.

यातच सगळं आलं. बँड घेऊन जगायला शिस्त लागते, पण ती शिकता येते. बँड घेऊन आपल्या लोकांत बसून जेवणं मात्र अजून जमत नाही, कारण तिथे शिकायचं तुम्हाला आहे. हे कडू वाटेल. वाटू दे.

आधी बँड म्हणजे काय ते थोडक्यात, कारण बहुतेकांना वाटतं की पोट कापून टाकतात. तसं नाही. सिलिकॉनची एक कडी जठराच्या अगदी वरच्या टोकाला बसवतात. कडीच्या वर एक चिमुकली पिशवी तयार होते. कडीच्या आतल्या बाजूला फुगा असतो, त्याला एक बारीक नळी, आणि नळीचं दुसरं टोक पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या पोर्टला जोडलेलं. डॉक्टर त्या पोर्टमध्ये सुई घालून थोडं सलाइन भरतात किंवा काढतात. भरलं की वाट अरुंद होते, काढलं की सैल. इथे त्याला 'फिल' म्हणतात. जठर कापलेलं नसतं, आतडी वळवलेली नसतात, अन्न पचतं ते नेहमीसारखंच. फक्त थोडक्यात पोट भरल्यासारखं वाटतं, तेही सावकाश खाल्लं तर.

हा फिल जमवणं ही वर्षानुवर्षांची कसरत असते. दवाखान्यात एक तक्ता दाखवतात: पिवळा, हिरवा, लाल. पिवळ्यात बँड सैल, सतत भूक. हिरव्यात सगळं बेतात. लाल म्हणजे फार घट्ट: रात्री खोकला, छातीत जळजळ, घास खाली उतरत नाही. आणि गंमत म्हणजे लाल रंगात वजन वाढू शकतं. कसं, ते पुढे सांगते.

जेवायचे नियम असे: घास अंगठ्याच्या नखाएवढा, चावून चावून अगदी पेस्ट करायची, मगच गिळायचं. दोन घासांत थांबायचं. आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरलीच तर पोळी-भात. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. सोडा नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज, जन्मभर. दिवसाला साधारण साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं, आणि वाटी मिळणार एवढीशी. शाकाहारी माणसाने हे वरणावर जमवून दाखवावं! दही, पनीर, टोफू, मूग, खात असाल तर अंडी, असा रोज हिशेब घालावा लागतो.

आता जे कोणी म्हणतात ना, "हिने शॉर्टकट घेतला", त्यांच्यासाठी खास.

बँडमध्ये काय अडकतं? मऊ लुसलुशीत पोळी, पाव, भाताचा गोळा, शेवग्याच्या शेंगेचा दोरा, संत्र्याच्या फोडीवरची साल, कोरडं चिकन. उकडीच्या मोदकाची पारीसुद्धा. माणसागणिक फरक असतो, पण साधारण यादी हीच. आणि काय सुळकन जातं? श्रीखंड, बासुंदी, आमरस, आइस्क्रीम, गुलाबजाम. चिवडा आणि शेवसुद्धा, कारण तोंडातच त्यांचा भुगा होतो. थोडक्यात, बँड घरचं साधं जेवण अडवतो आणि सणाचं ताट मोकळं सोडतो! बँड जास्त घट्ट झाला की माणूस नकळत मऊ आणि गोड पदार्थांकडे वळतो आणि वजन वाढायला लागतं, ते यामुळे. म्हणजे कडी पोटात बसली तरी रोजची लढाई ताटातच असते. याला शॉर्टकट म्हणणाऱ्याने एक आठवडा फक्त घास तीस वेळा चावून दाखवावा. आठवडा राहू दे, एक पंगत.

शिवाय हा शॉर्टकट शब्द फार सोयीचा आहे. काल सर्जरीला लावला, आज वेगोवीसारख्या इंजेक्शनला लावतात. ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्या काकांना कोणी म्हणत नाही, "मनाचा निग्रह कमी पडला वाटतं." चष्मा लावणाऱ्याला कोणी सांगत नाही की आधी गाजरं खाऊन बघायचं होतंस. वजनाच्या बाबतीतच आपल्याला माणसाने तपश्चर्या केलेली हवी असते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये लठ्ठपणाला आजार म्हणून मान्यता दिली. आपल्या गप्पांत तो अजून चारित्र्याचा दोषच आहे.

बरं, औषधपाण्याच्या दृष्टीने बघा. मेलबर्नच्या डॉ. जॉन डिक्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००८ च्या जानेवारीत जामा या नियतकालिकात आला होता. डायबेटिस होऊन दोन वर्षं झाली नव्हती अशी साठ माणसं. निम्म्यांना बँड, निम्म्यांना नेहमीचे उपचार. दोन वर्षांनी बँडवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा डायबेटिस माघारी गेला होता, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांचा. ज्यांच्या घरात आई डायबेटिक, वडील डायबेटिक, मामा बायपास झालेला, त्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचा.

आणि "तू काही एवढी जाड नव्हतीस" म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचीच गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच दाखला दिला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असतोच असं नाही. म्हणूनच २०२२ मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी सर्जरीचा विचार करण्याची रेषा बीएमआय २७.५ वर आणली. तेव्हा डोळ्यांनी वजन करणं बंद करा.

बँडची जाहिरात करायला मी आलेली नाही, हेही स्पष्ट करते. आज कोणी नव्याने विचारलं तर डॉक्टर बहुधा बँड सुचवणारच नाहीत. अमेरिकेत आता स्लीव्ह जास्त होते, बँड मागे पडला, आणि त्याला कारणं आहेत. बँड घसरतो, जठराच्या भिंतीत रुततो, नळी किंवा पोर्ट बिघडतं. ब्रसेल्सच्या सर्जनांनी आपल्या जुन्या पेशंटचा बारा वर्षांहून पुढचा हिशेब २०११ मध्ये मांडला, त्यात जवळजवळ निम्म्यांचा बँड काढावा लागला होता. माझा अजून टिकलाय, उद्याचं सांगत नाही. पण ज्यांचा काढावा लागला त्यांच्याबद्दल "बघ, शेवटी फुकट गेलं" असं बोलायचा अधिकार कोणाला नाही. पेसमेकरची बॅटरी बदलली तर आपण असं म्हणतो का?

आता आग्रहाकडे येते.

आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. मान्य. इथे परदेशात तर जास्तच, कारण माहेर-सासर सगळं या चार घरांतच शोधायचं असतं. पण जरा आठवून बघा, आपण काय काय बोलतो. "एवढंसंच? आवडलं नाही वाटतं." "माझ्या हातचं नाही खाणार?" "आज डाएट-बिएट काही नाही हं." "पोळी जात नाही? मग दोन वाट्या श्रीखंड तरी घे." या शेवटच्या वाक्याचा अर्थ आता तुम्हाला कळला असेल.

अशाच एका पूजेच्या जेवणाला माझ्या पानात न विचारता आणखी एक पोळी पडली. यजमानीणबाई समोर उभ्या, सगळ्यांचं लक्ष. एक घास घाईत गिळला. घास अडकला की काय होतं ते सांगते: छातीच्या मध्यभागी कोणी मूठ दाबून धरावी तसं दुखतं, तोंडात चिकट लाळ भरून येते, बोलता येत नाही, आणि बाथरूम गाठून घास बाहेर आल्याशिवाय सुटका नाही. मी परत आले तेव्हा दोन निष्कर्ष तयार होते. एक, "गुड न्यूज का?" आणि दुसरा, हळू आवाजात, "मुद्दाम उलट्या काढते, बारीक राहायला." माझी मुलगी शेजारच्याच खुर्चीत होती. दुसरं वाक्य तिने ऐकलं.

मी निदान सांगून मोकळी झाले आहे. लपवणाऱ्यांचं काय होतं? माझ्या ओळखीतल्या एकीने घरी सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना कळू नये म्हणून चार दिवस उलट्या लपवल्या. पाणीसुद्धा ठरत नव्हतं. ताटात घेत होती, बाथरूममध्ये जात होती, "पित्त झालंय" म्हणत होती. पाचव्या दिवशी इमर्जन्सी रूम. बँड घसरला होता. फुगा रिकामा करून तिला सलाइन लावावं लागलं, पुढे ऑपरेशन. हे आजारपण बँडने आणलं, पण चार दिवसांचा उशीर लाजेने केला. आणि ती लाज तिच्या घरात आपण सगळ्यांनी मिळून नेऊन ठेवली होती.

म्हणून ज्यांच्या पोटात बँड आहे त्यांना हे ठळक सांगते. पाणी किंवा स्वतःची थुंकी गिळता येत नसेल, पोटात जोराची कळ येत असेल, उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. पित्ताची गोळी नाही, ओवा नाही. दिवसेंदिवस उलट्या चालल्या तर बी-१ व्हिटॅमिन संपत जातं आणि नसांना, मेंदूला इजा होऊ शकते. गरोदर असाल तर पहिल्याच भेटीत सांगा, बँड सैल करावा लागू शकतो. भारतात जाताना कोणता बँड, कधी बसवला, त्यात किती सलाइन आहे, याचा कागद बरोबर ठेवा. पुण्या-मुंबईत सुट्टीत सर्जरी उरकून आलेल्यांनी इथे फिल कोण करणार हे विचारून ठेवा. बँड बसवणारे कमी झालेत, तसे दुसऱ्याचा बँड हाताळायला तयार असणारेही सहज मिळत नाहीत. आणि घरातल्या किमान एका माणसाला सगळं माहीत असू द्या.

काही जण म्हणतील, आग्रह ही आपली संस्कृती आहे. मग संस्कृती पूर्ण पाळा ना! पंगतीत यजमान हात जोडून काय म्हणायचे? "सावकाश होऊ द्या." किती सुंदर गोष्ट आहे. बँडवाल्या माणसाला याहून चांगला आशीर्वाद नाही. आपण त्यातलं 'सावकाश' टाकून दिलं आणि फक्त वाढणं ठेवलं. पानात टाकू नये हीसुद्धा संस्कृतीच. मग ज्याचं पान आहे त्याला विचारून वाढणं ओघानेच आलं.

दुसरे म्हणतील, "आम्ही काळजीपोटी बोलतो." काळजी असेल तर फोन करून विचारा, तब्येत कशी आहे. दहा जणांत "किती उतरली गं!" किंवा "परत थोडी भरलीस का?" ही काळजी नाही, हजेरी आहे. आणि हो, "किती छान बारीक झालीस" हेसुद्धा नको. मागच्या वेळी भेटले तेव्हा मी छान नव्हते का?

या न्यू जर्सीचेच गव्हर्नर होते क्रिस ख्रिस्ती. त्यांच्या वजनावर टीव्हीवर वर्षानुवर्षं विनोद झाले. त्यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये गुपचूप लॅप-बँड बसवून घेतला आणि मे महिन्यात जाहीर केलं. पन्नाशी ओलांडली, बायको-मुलांसाठी हे केलं, असं त्यांनी सांगितलं. लगेच चर्चा सुरू: राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचंय, म्हणून केलं असणार. त्यांचं राजकारण बाजूला ठेवा. चार मुलांच्या बापाने तब्येतीसाठी काही केलं, यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाला तीन महिने गप्प बसावंसं वाटलं, तिथे एडिसनमधल्या आपल्या मैत्रिणीची काय कथा?

आता मुलांबद्दल, कारण हा ग्रुप आईबापांचा आहे.

आपली मुलं हे सगळं ऐकतात. त्यांना मराठी बोलता येत नाही अशी आपण तक्रार करतो, पण 'जाडी', 'ढोली', 'भोपळा' हे शब्द प्रत्येकाला कळतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी आधी गाल बघते आणि मग अभ्यास विचारते. त्याच मुलाला आपण दिवसभर "ताट पूर्ण संपव, अजून एक घास आईचा, एक बाबांचा" म्हणतो, आणि तेरा वर्षांचं झालं की त्यालाच "किती खातोस, शर्ट बघ कसा बसतोय" म्हणतो. पोट भरल्याची जाणीव त्याला उपजत मिळाली होती. ती आपण घासाघासाने मोडून काढतो. मी चाळिशीजवळ सर्जरी करून, पोटात कडी बसवून, परत शिकले ती हीच जाणीव: आता पुरे. तुमच्या मुलांकडे ती आज फुकट आहे. ती मोडू नका.

माझ्या मुलांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं, "आईला आजार आहे, त्यासाठी पोटात एक कडी बसवली आहे, म्हणून आई हळू जेवते." त्यांनी दोन प्रश्न विचारले, दुखतं का आणि विमानतळावर वाजतं का. संपलं. मुलांना गुपितं पेलत नाहीत, माहिती सहज पेलते.

तर या सणांत माझं मागणं एवढंच:

१. वाढायच्या आधी विचारा. "नको" हे एकदा ऐकलं की पुरे.
२. छोट्या वाट्या आणि छोटी ताटं बाहेर काढा. मुलांनाही सोयीची पडतात.
३. जेवणात दही, उसळ, पनीर असं काही प्रोटीनचं ठेवा. सगळंच भात-पोळी-गोड नको.
४. कोणी मध्येच उठून गेलं तर मागे जाऊन दार वाजवू नका. परत आल्यावर कारणं शोधू नका.
५. कोणाच्याही अंगाबद्दल बोलू नका. उतरलेल्याही नाही, वाढलेल्याही नाही. मुलांसमोर तर मुळीच नाही.
६. घरी आई, सासूबाई येणार असतील तर त्यांना आधी समजावून सांगा. आपण समजतो तितक्या त्या हट्टी नसतात. माझ्या सासूबाई आता माझ्यासाठी मऊ मुगाची खिचडी अगदी पातळ करतात आणि स्वतः शेजारी बसून हळू जेवतात. त्यांचीही शुगर सुधारली!

कोणाला हे वाचून राग आला असेल तर खाली लिहा, मी उत्तर देईन. ज्यांच्या पोटात बँड आहे किंवा होता, त्यांनी लिहिलं तर जास्त आनंद होईल. नावानिशी लिहिलंत तर फारच. नाही जमलं तर इनबॉक्स आहेच, पण पहिला प्रश्न आता बदला: लोकांना काय सांगायचं हे विचारू नका. ते मी आज सांगून टाकलंय, ही पोस्ट पाठवून द्या.